आधी विहिरीचा हिशेब, मग कर्जाचा : ठिबक, अनुदान आणि बँक यांतून जाताना

वडिलांच्या पश्चात साडेतीन एकर जमीन, एक विहीर आणि गावच्या सोसायटीच्या (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या) कर्जाची जुनी कागदपत्रे माझ्या हाती आली, तेव्हा शेती कशी करायची यापेक्षा कोणता कागद कुठे न्यायचा हेच मला अधिक अवघड वाटत होते. आमचा तालुका पर्जन्यछायेत येतो आणि २०२३ चा पावसाळा तुटीचा गेला होता. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. ठिबक बसवायचे, अनुदान घ्यायचे आणि त्यासाठी लागणारे कर्ज पिकाच्या उत्पन्नातून फेडता येईल इतकेच घ्यायचे, असे मी ठरवले. हा प्रवास डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये संपला. ज्यांना याच वाटेने जायचे आहे, त्यांच्यासाठी तो क्रमाने लिहीत आहे.

पहिले काम सातबाऱ्याचे होते. आई, भाऊ आणि मी यांची वारस नोंद ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून दाखल केली. फेरफाराची (जमिनीच्या हक्कनोंदीतील बदलाची) नोटीस निघाल्यानंतर हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्यांकडून नोंद प्रमाणित होते. आमच्या बाबतीत मध्ये निवडणुकीच्या कामांची गर्दी आल्याने हे सारे मार्च २०२४ पर्यंत लांबले. नवा सातबारा हाती आल्यावर दिसले की वडिलांनी काही वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा 'इतर हक्क' या रकान्यात तसाच उभा होता. कर्ज फिटले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी सोसायटीकडून बेबाकी (बाकी नसल्याचा) दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा वेगळा फेरफार करावा लागतो. सोसायटीच्या गटसचिवांनी जुनी खतावणी (हिशेबाची वही) शोधून दाखला दिला आणि मग तलाठी भाऊसाहेबांकडे अर्ज केला. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, गावात मात्र भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) पुढे बँकेत जायचे असेल त्यांनी इतर हक्काचा रकाना आधी वाचावा, कारण बँकेचा अधिकारी सातबाऱ्यावर सर्वांत आधी तोच पाहतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) यांना प्रत्येकी १५ रुपये लागतात, आणि ते दर वेळी ताजे काढावे लागतात.

एप्रिल २०२४ मध्ये मी विहिरीचे माप घेतले. या संपूर्ण प्रक्रियेत माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम हेच होते आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. विहीर गोल, २० फूट व्यासाची. तिच्यातील एक फूट उंचीचे पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. एका दोरीला फुटाफुटावर गाठी मारून खाली लोखंडी नट बांधला, आणि कठड्यावर रंगाने एक खूण केली, म्हणजे दर वेळी दोरी त्याच जागेवरून सोडता येईल. संध्याकाळी मोटर बंद करताना एक माप आणि पहाटे मोटर सुरू करण्यापूर्वी दुसरे. रात्रीतून पाणी चार फूट चढत होते, म्हणजे साधारण ३५ हजार लिटर. शेजारच्या शिवारातील फीडर (वीजवाहिनी) बंद असलेल्या रात्री हाच आकडा अधिक दिसे. म्हणून शेजाऱ्यांचे पंप चालू असलेल्या रात्रींचीच मापे मी धरली, कारण एरवी आपल्या वाट्याला तेवढेच पाणी येणार असते.

दुसरे माप मोटरच्या प्रवाहाचे. २०० लिटरचा पत्र्याचा ड्रम पाइपाखाली ठेवून घड्याळ लावले, तर तो ४० सेकंदांत भरला. म्हणजे तासाला १८ हजार लिटर. दोन तास चालवली की फुटवॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची झडप) उघडा पडू लागे, त्यामुळे झिऱ्याचा (झिरपून येणाऱ्या पाण्याचा) आणि उपशाचा आकडा एकमेकांशी जुळला. आता पिकाची गरज. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०५० लिटर. भर एप्रिलमध्ये वाढीच्या अवस्थेतील भाजीपाला किंवा वेलवर्गीय पिकाला दिवसाला सहा मिलिमीटर धरले आणि ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के मानली, तर एकराला दररोज २७ हजार लिटर लागतात. ३५ हजाराला २७ हजारांनी भागले की सव्वा एकर येते, आणि त्यातूनच घर, दोन गायी व खाली जाणारी पातळी यांची तजवीज करायची असते. उन्हाळी बागायत एक एकर, हा आकडा त्या दिवशी वहीत लिहिला. डिसेंबरमध्ये हीच विहीर पाच तासांहून अधिक चालते; केवळ त्या मापावर विसंबून योजना आखली असती, तर साडेतीन एकर बागायत कागदावर सहज बसली असती.

या आकड्यामुळे दोन निर्णय आपोआप झाले. डाळिंबाची दोन एकर बाग लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता, तो बाजूला ठेवला. बहुवार्षिक पिकाचे क्षेत्र मे महिन्याच्या पाण्यावर ठरवावे लागते आणि मे महिन्याचे पाणी दोन एकरांचे नव्हते. बोअर घेण्याचा विचारही सोडला. त्याचा खर्च लाखाच्या घरात, पाणी लागण्याची हमी नाही, आणि महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, हे सांगणारा बोअरवाला मला अद्याप भेटलेला नाही. शेवटी असे ठरले : खरिपात साडेतीन एकर जिरायत तूर आणि बाजरी, रब्बीत दोन एकर ठिबकवर कांदा व हरभरा, उन्हाळ्यात एक एकर.

त्याच वहीत प्रत्येक महिन्यासाठी एक ओळ आखली आणि त्या ओळीत पाणी किती येणार, किती लागणार, पैसा किती येणार, किती जाणार असे चार रकाने केले. एप्रिलची ओळ अशी होती : येणारे पाणी साडेदहा लाख लिटर, एका एकराला लागणारे आठ लाख दहा हजार, येणारा पैसा शून्य, जाणारा पैसा मजुरी आणि विद्राव्य खते. ज्या महिन्यांत पैशाच्या रकान्यात शून्य होते, त्या महिन्यांत कर्जाचा हप्ता येता कामा नये, हे त्या पानावरून उघड दिसत होते. पुढे बँकेत मला याचाच उपयोग झाला.

जून २०२४ मध्ये महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळाच्या शेतकरी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज केला. अर्जाचे शुल्क २३ रुपये ६० पैसे. सेवा केंद्राने त्याव्यतिरिक्त १०० रुपये घेतले. ठिबकसाठी 'प्रति थेंब अधिक पीक' या केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना, ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. राज्य शासन मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात अनुक्रमे २५ आणि ३० टक्के भर घालते, त्यामुळे एकूण ८० आणि ७५ टक्के होतात. सातबारा सामाईक असल्याने आई आणि भावाचे संमतीपत्र लागले. भाऊ पुण्यात असतो. तो गणपतीला येणार होता, परंतु कागद तोवर थांबू शकत नसल्याने त्याला एका रविवारी मुद्दाम बोलावून घेतले. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे की नाही हेही आधीच पाहावे. विजेचे बिलही लागते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज असल्याने पुष्कळ जण ते बिल जपून ठेवत नाहीत, पण शून्य रकमेच्या बिलाचीही प्रत अपलोड करावी लागते. जाता जाता एक सांगते : वीज फुकट झाल्यापासून मोटर बंद करण्याचे पूर्वी जे एक कारण असे, तेही राहिले नाही, आता विहिरीतील दोरीच काय तो धाक.

त्या वेळी निवड संगणकीय सोडतीने होत असे. जून ते नोव्हेंबर हा काळ नुसता वाट पाहण्याचा होता. रोज सकाळी मोबाइलवर संदेश आला का हे पाहण्याची सवय लागली आणि एक वेळ अशी आली की ती सवय मी जाणूनबुजून मोडली. २०२५-२६ पासून सोडत बंद होऊन प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य ही पद्धत आली आहे, आणि १५ एप्रिल २०२५ पासून योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला आहे. त्यामुळे नव्याने अर्ज करणाऱ्यांनी तो क्रमांक आधी काढून ठेवावा. सामाईक खात्यात प्रत्येक खातेदाराचा क्रमांक वेगळा असतो.

निवडीचा संदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि कागदपत्रे अपलोड करण्याची मुदत त्यासोबतच सुरू झाली. दरपत्रक आणि आराखडा नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो. येथे मला विहिरीची मापे उपयोगी पडली. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने प्रत्येक एकराला एक व्हॉल्व्ह असा आराखडा आणला होता. दोन नळ्यांमधील अंतर दीड मीटर, ड्रीपर (थेंब सोडणारी तोटी) ४० सेंटिमीटरवर आणि प्रत्येक ड्रीपरचा प्रवाह तासाला चार लिटर. हिशेब केला तर एका एकरात सुमारे २,७०० मीटर नळी, पावणेसात हजारांच्या आसपास ड्रीपर आणि तासाला २७ हजार लिटर पाण्याची मागणी येते. माझी मोटर देते १८ हजार. असा संच चालू केला की दाब पडतो, शेवटच्या ओळी कोरड्या राहतात आणि मग दोष ठिबकला दिला जातो. मी अर्ध्या एकराला एक याप्रमाणे चार व्हॉल्व्ह मागितले, म्हणजे एका वेळी साडेतेरा हजार लिटरची मागणी राहील. प्रतिनिधी तरुण होता. त्याने आकडे पुन्हा मांडून पाहिले आणि काही न बोलता आराखडा बदलून दिला. त्यामुळे खर्च थोडा वाढला. सँड फिल्टर आणि व्हेंचुरी (ठिबकच्या पाण्यात खत मिसळण्याचे साधन) धरून दोन एकरांचे बिल सुमारे १ लाख ५ हजार रुपये झाले.

हे बिल आधी आपणच भागवायचे असते. अनुदान नंतर आधार-संलग्न खात्यात जमा होते, आणि तेही प्रत्यक्ष बिलावर नव्हे, तर लागवडीच्या अंतरानुसार ठरलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजले जाते. त्यामुळे ८० टक्के म्हटले तरी बिलाचे ८० टक्के हाती येतील असे धरू नये. कृषी विभागाची पूर्वसंमती मिळण्यापूर्वी साहित्य खरेदी केल्यास अनुदान मिळत नाही, हाही नियम लक्षात ठेवावा; विक्रेते घाई करतात. शिवाय त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान घ्यायचे झाल्यास सात वर्षे थांबावे लागते.

जानेवारी २०२५ मध्ये पूर्वसंमती आली आणि मी बँकेत गेले. पर्याय तीन होते. विक्रेत्याची उधारी, जिचे व्याज दरातच मुरलेले असते. पीककर्जाची उचल करून तिच्यातून ठिबक बसवणे, जे आमच्याकडे सर्रास चालते. तिसरा पर्याय मध्यम मुदतीचे कर्ज. पीककर्ज वर्षाच्या आत फेडायचे असते. जी वस्तू सात-आठ वर्षांत आपला पैसा फेडणार, तिच्यावर ते घातले की मार्चमध्ये सावकाराकडून आणून 'नवं-जुनं' करण्याची, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलण्याची, पाळी येते. म्हणून ठिबकसाठी ९० हजारांचे मध्यम मुदत कर्ज आणि पिकासाठी किसान क्रेडिट कार्डावर १ लाख ५ हजारांचे पीककर्ज असा अर्ज केला. एकूण १ लाख ९५ हजार. रिझर्व्ह बँकेने विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख केली होती, त्यामुळे जमिनीचे गहाणखत आणि वकिलांचा शोध अहवाल, दोन्ही टळले. शाखेतील कर्मचाऱ्यांना हा बदल नुकताच कळला होता. मी परिपत्रकाची छापील प्रत सोबत नेली होती आणि ती नम्रपणे पुढे केली.

दोन्ही कर्जांचे व्याज वेगळे आहे, हे नीट समजून घ्यावे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के दर लागतो, मुदतीत फेडल्यास केंद्राची ३ टक्के सवलत मिळते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते अखेरीस बिनव्याजी पडते. मध्यम मुदत कर्जाला यांपैकी काहीही लागू नाही. मला साडेदहा टक्के दर पडला. गावातील सोसायटी आणि इतर बँकांचे कर्ज नसल्याचे दाखले, चतुःसीमा (जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी) आणि ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून केलेली पिकाची) नोंद असे सारे दिल्यावर शाखाधिकारी म्हणाले, ''ताई, हप्ता दर महिन्याला टाकू का? लक्षात राहायला सोपा जातो.'' मी वहीचे पान त्यांच्यापुढे ठेवले. एप्रिलच्या रकान्यातले शून्य पाहून ते हसले आणि म्हणाले, ''मग सहामाही करू. जून आणि जानेवारी.'' तीन वर्षे, सहा हप्ते, प्रत्येकी १५ हजार मुद्दल आणि वर व्याज. शेतीकर्जात पिकाच्या हंगामाप्रमाणे हप्ते बांधून मिळतात, परंतु ते मागावे लागतात.

फेब्रुवारीच्या शेवटी संच बसला. पूर्वसंमतीतील मुदत चुकू नये म्हणून बसवणी आणि देयक अपलोड करणे एकापाठोपाठ उरकले. एका एकरात लगेच कलिंगड लावले. मोका (प्रत्यक्ष शेतावरची) तपासणी एप्रिलमध्ये झाली. सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनी नळीवरील आयएसआय चिन्ह आणि छापलेला मजकूर बिलाशी पडताळला, क्षेत्र मोजले आणि मला फिल्टरजवळ उभे करून स्थाननोंदीसह छायाचित्र काढले. कोणाला काही द्यावे लागले नाही, हे मुद्दाम नोंदवते, कारण मला तसे आधी बरेच ऐकवले गेले होते. तपासणीपूर्वी नळ्यांची टोके उघडून गाळ काढून ठेवला की पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचते हे तेथेच दाखवता येते.

कलिंगडाची तोडणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाली. त्यानंतर त्या महिन्यात राज्यभर अवेळी जोरदार पाऊस झाला आणि मोसमी पाऊसही लवकर पोहोचला. ज्यांची तोडणी पुढे होती त्यांचा माल शेतातच नासला. आमचे त्यातून वाचले ते केवळ तारखेमुळे. जूनचा पहिला हप्ता, व्याज धरून १९ हजार ७०० च्या आसपास, त्याच पैशांतून गेला. याच सुमारास पीकविम्याचाही निर्णय घ्यावा लागला. एक रुपयातील विमा खरीप २०२५ पासून बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत झाला. कर्जदाराच्या खात्यातून हा हप्ता आपोआप कापला जातो. नको असल्यास अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावे लागते. मी विमा ठेवला, फक्त बँकेने लावलेले पीक आणि ई-पीक पाहणीतील पीक एकच आहे याची खात्री करून घेतली.

अनुदानाची प्रतीक्षा मात्र लांबली. पोर्टलवर अर्जाची स्थिती महिनोन्महिने एकाच टप्प्यावर दिसत होती आणि निधी उपलब्ध होईल तसे पैसे पडतील एवढेच उत्तर मिळे. या काळात मनाला त्रास झाला नाही असे नाही, परंतु घराला झळ लागली नाही. हप्त्यांची मांडणी करताना अनुदानाचा एकही रुपया उत्पन्नात धरला नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये ७१ हजारांच्या आसपास रक्कम जमा झाली, म्हणजे बिलाच्या दोन-तृतीयांशांहून किंचित अधिक.

ही रक्कम बचत खात्यात येते आणि तेथेच पडून राहते. ती कर्जात वळती करायची असल्यास बँकेला तसे लेखी द्यावे लागते, आणि अर्जात 'मुद्दलात जमा करावी' असे स्पष्ट लिहावे, नाहीतर ती पुढील हप्त्यांपोटी आगाऊ धरली जाऊ शकते. माझे मुद्दल तेव्हा ७५ हजार उरले होते. अनुदान वळते करून उरलेले सुमारे चार हजार आणि व्याज जानेवारी २०२६ मध्ये कांद्याच्या लागवडीनंतर हाती उरलेल्या पैशांतून भरले आणि मध्यम मुदत कर्ज बंद झाले. मुदतपूर्व फेडीचे वेगळे शुल्क मला लागले नाही. नील (कर्ज शून्य झाल्याचा) दाखला त्याच दिवशी मागून घेतला आणि कर्जाची नोंद बंद म्हणून दिसते की नाही हे पुढील महिन्यात सिबिल (कर्जाच्या पतनोंदीच्या) अहवालात तपासले.

२०२५ चा पाऊस भरपूर झाल्याने विहीर सध्या काठोकाठ आहे आणि उन्हाळी क्षेत्र दोन एकर करावे असा घरात आग्रह आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोरी सोडणार आहे. रात्रीतून साडेसहा फुटांहून अधिक पाणी चढले तरच दुसऱ्या एकराचे बियाणे आणायचे, असे आई, भाऊ आणि मी ठरवले आहे.